कचरा प्रवेशिका, इयत्ता पहिली

(कुक्षीत नव्याने राहायला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी)

बदलीचा हुकूम हातात पडला, नकाशात कुक्षी शोधून झाली, "धारच्याही पुढे, निमाडात" असं माहेरी कळवून झालं आणि सामान उतरलं. अभिनंदन. आता घरात पहिला चहा होईल आणि गाळणीतला चोथा घेऊन तुम्ही स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहाल. ही पुस्तिका त्या वेळी उघडायची आहे. दूध कुठे चांगलं मिळतं, इंदूरची बस किती वाजता सुटते, इथली मिरची बेतानं का घालावी, हे सगळं शेजारी न विचारता सांगतात. कचऱ्याचं कोणी सांगत नाही. ते तुम्हाला येतच असणार, असं सगळे धरून चालतात.

घाबरू नका. कुक्षी एके काळी धारच्या पवारांच्या राज्यात होती, तेव्हा मराठी माणूस इथे पहिल्यांदाच गोंधळतोय असं नाही. या वर्गात प्रवेशाला कोणतीही पदवी चालेल. मात्र पदवी जितकी मोठी तितका सराव जास्त लागतो, असं निरीक्षण आहे.

साहित्य

झाकणाच्या दोन बादल्या, एक हिरवी आणि एक निळी. हिरवीत ओला कचरा, निळीत सुका. इथवर सोपं आहे. पण तुम्ही नियम मुळातून वाचणाऱ्यांपैकी असाल तर अडखळाल. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत नगरपालिकांच्या साठवणीच्या पेट्यांना हिरवा, पांढरा आणि काळा हे रंग दिले होते. निळा त्या यादीत नव्हता. तो स्वच्छता मोहिमेने आणि प्लॅस्टिकच्या बाजाराने घरोघर रुजवला. दुकानात जाऊन कचऱ्यासाठी पांढरी बादली मागाल तर दुकानदार तुमच्याकडे, मग बादलीकडे, मग पुन्हा तुमच्याकडे बघेल. निळी घ्या.

तिसरा एक जुना पत्र्याचा डबा. फरसाणाचा असेल तर उत्तम. त्यात दाढीची पाती, गेलेले सेल, फुटलेला बल्ब, मुदत संपलेल्या गोळ्या. हा डबा मुलांच्या हाताला लागणार नाही आणि सासूबाईंना परत फरसाणाचा वाटणार नाही, अशा जागी ठेवावा.

चौथ्या भांड्याबद्दल लोक हळू आवाजात बोलतात, म्हणून मुद्दाम मोठ्याने लिहितो: सॅनिटरी पॅड आणि बाळाचे डायपर. हे वेगळे, कागदात गुंडाळून. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चारच भाग आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे आपला फरसाणाचा डबा. याआधी २०१६ च्या नियमांत तीन होते. या सगळ्या नियमांची सुरुवात झाली ती १९९६ साली अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेपासून. त्यातून २००० सालची पहिली नियमावली आली. दर नव्या नियमावलीला एखादं भांडं वाढतं असं दिसतं, तेव्हा नातवांसाठी घर बघाल तेव्हा स्वयंपाकघर जरा मोठं बघा. इंदूरकर तर आजच सहा भाग करतात. तुमचे कोणी नातेवाईक तिथे असतील तर ते तुम्हाला हे जेवताना सांगतीलच.

ओळखपरेड

नवखे इथेच नापास होतात, म्हणून सावकाश वाचा. ओला म्हणजे ओलसर नव्हे. जो कुजतो तो ओला. परवाची पोळी वाळून पापडासारखी झाली तरी ती ओल्यात जाते, आणि दुधाची पिशवी आतून थबथबलेली असली तरी सुक्यात. पिशवी खळबळून, उलटी करून, वाळवून टाकायची. ही सूचना ऐकून काही पुरुष पहिल्यांदाच आपण होऊन भांडी घासायच्या जागेपर्यंत पोचतात, असंही दिसून आलं आहे.

चहाचा चोथा: ओला. पिशवीचा चहा पीत असाल तर दोरा आणि पिन काढा, आणि कुक्षीत राहायचं तर उकळलेल्या चहावर या. भुट्ट्याचा कीस केलात तर पानं आणि दांडा ओल्यात. सकाळी ज्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पोहे खाल्ले, तो तेलकट कागद ओल्यात गेलेला बरा. रद्दीवाला त्याला हात लावणार नाही. दाल-पानिये, म्हणजे डाळ आणि गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे गोळे, केले असतील, आणि इथे राहून केले नाहीत तर इथे आलात कशाला, तर पानियांना लावलेली पानं ओल्यात आणि गोवऱ्यांची राख कुठल्याच बादलीत नाही. ती गार करून तुळशीला.

नारळाची करवंटी हा मराठी घरांतला महाप्रश्न आहे. ती दिसते सुकी, कुजते हे खरं, पण कुजेपर्यंत तुमची पुढची बदली होऊन जाते. दोन्ही पक्षांकडे चांगली माणसं आहेत. शांतता हवी असेल तर गाडीवरच्या माणसाला विचारा आणि तो सांगेल ते देववाक्य माना. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस आला आणि त्याने उलट सांगितलं तर तेही देववाक्य.

जुनी खुर्ची, मोडका पंखा, वाकलेली कॉट हे कचऱ्यात येत नाही. त्याला या मुलखात अटाला म्हणतात आणि तो घेणारा हातगाडी घेऊन दारावर येतो. त्याच्याशी भाव करताना पुणेरी पद्धत वापरू नका. तो हसतो आणि पुढे जातो.

गाडी

महाराष्ट्राला घंटागाडी नाशिकने दिली. मध्य प्रदेशाने गाणं दिलं. मंडला जिल्ह्यातल्या श्याम बैरागी यांचं कचरागाडीवरचं गाणं इथून निघालं आणि देशभरच्या गाड्यांवर चढलं. इंदूरने पुढे शान यांच्या आवाजात स्वतःची गाणी करून घेतली. मुद्दा असा की इथे गाडी दिसण्याआधी ऐकू येते, आणि तुमच्या शिक्षणाचा मोठा भाग कानाने होणार आहे.

सराव असा करा. गाणं लांबून, शब्द न कळता येतंय: चहा संपवायला वेळ आहे. शब्द कळायला लागले: चपला शोधा. भांड्यांच्या रॅकवर ताटं थरथरली: दारात उभे राहा. आणि आवाजाची पट्टी किंचित उतरली की समजा, गाडी तुमचं दार ओलांडून गेली. ज्या माळव्यात कुमार गंधर्व देवासला येऊन राहिले, त्याच्या शेजारी एवढा कान तयार व्हायला हरकत नाही.

गाडीमागे धावणं कमीपणाचं मानलं जात नाही. बँकेचे मॅनेजर धावतात, मास्तर धावतात. फक्त धावताना एका हाताने झाकण दाबून धरा. ज्यांनी धरलं नाही त्यांच्या घरी आदल्या दिवशी वांग्याचं भरीत होतं हे गल्लीला कळलेलं आहे.

गाडीला मधून पडदी असते, एका बाजूला ओलं, दुसरीकडे सुकं. बादली स्वतः उलटवता आली तर उलटवा, नाहीतर हातात द्या. गच्चीतून नेम धरू नका. वर वर्तमानपत्र पसरून खाली कालची आमटी लपवणं हा प्रकार नवखे फार हुशारीचा समजतात. गाडीवरच्या माणसाला बादलीच्या वजनावरूनच कळतं. त्याला बाकीही बरंच कळत असतं: घरात कोणाला साखर निघाली, कोणी डाएट सुरू केलं आणि कोणी सोडलं, सामान ऑनलाइन किती येतं, पाहुणे गेले की अजून आहेत. शेजारणीला जे वर्षभरात उमगत नाही ते त्याला महिन्यात उमगतं, आणि तो कोणाला सांगत नाही. अशा माणसाशी "भैया, रोज उशीर करता" या सुरात बोलू नये. नाव विचारा, उन्हाळ्यात पाणी द्या. एप्रिल-मेमध्ये निमाडातलं ऊन काय असतं ते तुम्ही अजून पाहिलेलं नाही.

फुटलेली काच नेहमीच्या बादलीत टाकू नका. जाड कागदात बांधून वेगळी हातात द्या आणि तोंडाने सांगा, "काच है." दोन शब्द आहेत. यासाठी कोणाच्या तळहाताला टाके पडू नयेत. पुण्यात स्वच्छ संस्थेच्या कचरावेचक बायकांनी गुंडाळलेल्या पॅडवर लाल ठिपका काढा असं घरोघर सांगितलं, म्हणजे पुडी न उघडता कळेल आत काय आहे. पुण्याहून आला असाल तर ही एक सवय बरोबर आणा. पुण्याच्या बाकीच्या सूचना तिथेच राहू द्या. लाल पेन प्रत्येक घरात असतं, मास्तरांच्या घरी तर दोन.

गाय

पहिली पोळी गाईची, हा इथला नियम कोणत्याही राजपत्राहून जुना आहे आणि तो पाळायला हरकत नाही. पण पोळी हातात द्या. शिळं अन्न पिशवीत घालून, वर गाठ मारून, कोपऱ्यावर "गाय खाईल" म्हणून ठेवाल तर गाय ते खाईलच, पिशवीसकट, कारण गाठ सोडायला तिला कोणी शिकवलेलं नाही. पशुवैद्य अशा गाईच्या पोटातून प्लॅस्टिकचे गोळे किलोकिलोने काढतात. पुण्याचं खातं आणि पापाचं खातं एकाच पिशवीत उघडण्याची ही सोय टाळावी.

पिशवीचा विषय निघालाच आहे तर: इकडच्या सरकारी भाषेत तिला अमानक पॉलिथिन म्हणतात. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवीला बंदी आहे. एकदाच वापरायचे प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या, चमचे १ जुलै २०२२ पासून गेले. भाजीच्या ठेल्यावर मायक्रॉन मोजायचं यंत्र नसतं. पिशवीवर फुंकर मारा. ती उडाली तर अमानक. ही पद्धत प्रयोगशाळेत मान्य नाही, पण भाजीवाल्याला मान्य आहे. त्याहून सोपं म्हणजे आईने दिलेली कापडी पिशवी आणा. चालान झालं तर ते भाजीवाल्याचं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी तुम्हाला मिरच्या मोजून देतो.

रिकामा प्लॉट

प्रत्येक गल्लीत एक असतो. मालक इंदूरला असतो. पहिली पिशवी तिथे कोणी टाकली हे आजवर कोणत्याही गल्लीत सिद्ध झालेलं नाही. दुसरी मात्र नेहमी सगळ्यांच्या ओळखीच्या माणसाची असते. तो माणूस तुम्ही होऊ नका. भिंतीवर देवांच्या फरशा लावण्याचा उपाय काही गल्ल्यांनी केला आहे. कचरा देवांपासून दोन हात सरकून पडतो.

थंडीत त्याच प्लॉटवर कोणी पाचोळा, पुठ्ठे आणि एखादी प्लॅस्टिकची खुर्ची पेटवून शेकत बसतं. गप्पा चांगल्या असतात, बसावंसं वाटतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे. पाच हजारांत चांगली रजई येते, दोन येतात.

घरात कार्य असेल तर

मुंजीला शंभरावर माणसं बोलावताय? २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं की परवाना नसलेल्या जागी शंभरपेक्षा जास्त लोक जमवायचे तर स्थानिक संस्थेला निदान तीन कामाचे दिवस आधी कळवावं आणि कचरा जागीच वेगळा करावा. मुहूर्त गुरुजींकडून काढून झाला की मधल्या सुट्ट्या मोजा. मराठी घरात आधी "मोजकीच माणसं" असं ठरतं, मग "शंभरात बसवू", आणि शेवटी पंगती उठतात तीन. कळवणं सुरुवातीलाच केलेलं बरं. पत्रावळी पळसाच्या घ्या, इथे सहज मिळतात आणि सरळ ओल्यात जातात. चकचकीत मुलाम्याच्या द्रोणांचाच आग्रह धरणारे वाढपी असतात, त्यांना आधीच समजावून सांगा.

निर्माल्य

आता मन घट्ट करा. तुम्ही मराठी आहात, घरात देव आहेत, रोजची फुलं आहेत, आणि फुलं कचऱ्यात टाकायची कल्पना तुम्हाला सोसणार नाही. मग एखाद्या रविवारी निर्माल्याची पिशवी घेऊन तुम्ही स्कूटर नर्मदेकडे वळवाल. नर्मदामैया, तीही जवळ, यासारखं भाग्य नाही.

पण तुमच्या डोक्यातली नर्मदा वाहती आहे. कुक्षी तहसिलीतली नर्मदा आता सरदार सरोवराचं पाणी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरलं आणि निसरपूरची जुनी वस्ती, घरं, घाट, देवळं पाण्यात गेली. त्या पाण्याला आता ओढ नाही. तुम्ही सोडलेली झेंडूची माळ भरुचला जाणार नाही. ती जरा हलेल आणि तुमच्याच पायाशी परत येईल, कापराच्या पुडीसकट, पिशवीसकट. काठावरच्या ज्या माणसांची गावं त्या पाण्याखाली आहेत, त्यांच्या डोळ्यांदेखत तुम्ही तिथे काय सोडताय, याचाही विचार करावा. फुलं दोरा काढून कुंडीत पुरा. कुंडी नसेल तर हिरवी बादली, वर वेगळ्या कागदात, आणि गाडीवाल्याला सांगा की फुलं आहेत. बहुतेक वेळा तो ती बाजूला ठेवतो.

दूरची जागा

एक प्रश्न वर्गात हमखास येतो: हे सगळं घरात करण्यापेक्षा एकदाच सगळा कचरा कुठेतरी लांब नेऊन टाकता येत नाही का?

येतो की. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारात डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या रात्रीनंतर विषारी कचरा पडून होता, चाळीस वर्षं. तो लांब न्यायचा ठरला. १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनर निघाले, रस्ता मोकळा केला होता, पुढेमागे पोलीस होते, आणि २ तारखेच्या पहाटे ३३७ टन माल उतरला पिथमपूरला. पिथमपूर आपल्या धार जिल्ह्यात आहे. दुसऱ्या दिवशी तिथली बाजारपेठ बंद होती आणि लोक रस्त्यावर होते. न्यायालयाच्या देखरेखीत आधी चाचण्या झाल्या आणि जून संपता संपता तो जाळून झाला.

भोपाळकरांचं "कुठेतरी लांब" म्हणजे धार जिल्हा. तेव्हा या जिल्ह्यात बसून तो प्रश्न विचारू नये. पुढचा धडा घ्या.

स्पर्धा आणि तक्रार

स्वच्छ सर्वेक्षणाच्या मोसमात भिंती रंगतात, तुमच्या फोनवर प्रश्न येतात आणि शहराशहरांत चुरस लागते. इंदूर २०१७ पासून ओळीने पहिलं आलं. २०२४-२५ च्या निकालात त्याला वेगळ्या पंगतीत, सुपर स्वच्छ लीगमध्ये बसवलं. त्याच निकालात, १७ जुलै २०२५ ला, पन्नास हजार ते तीन लाख वस्तीच्या शहरांत पहिलं आलं देवास आणि दुसरं कराड. कराडचे कोणी वाचत असतील तर मनाला लावून घेऊ नका. देवासला साफसफाईच्या स्पर्धेचा पिढीजात सराव असावा: एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं १९४८ पर्यंत नांदली, हद्दी गल्ल्यांतून जायच्या. आपला केर शेजारच्या राज्यात लोटला की आंतरराष्ट्रीय प्रश्न होणार, हे तिथल्या झाडूवाल्याला तेव्हाच ठाऊक असणार. हा शेवटचा भाग माझा तर्क आहे, परीक्षेत लिहू नये.

इंदूरच्या यशाचं गुपित विचाराल तर ते गाण्यात नाही. देवगुराडियाला १९ फेब्रुवारी २०२२ ला ५५० टन रोजच्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला, तो ओल्या कचऱ्यापासून गॅस काढतो, त्यावर बस चालतात. पण त्याला ओला कचरा निखळ लागतो. त्यात शाम्पूच्या पुड्या आणि सेल आले की यंत्र बिघडतं. म्हणजे इंदूरची बस कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, चोथा कुठे टाकला त्यावर चालते. कुक्षीत बस डिझेलवर आहे, पण चोथा तोच आहे.

आणि कधी गाडी आलीच नाही तर? मध्य प्रदेशात नवीन आलेल्याला पहिल्या आठवड्यात कळणारा आकडा म्हणजे १८१, मुख्यमंत्री हेल्पलाइन. इथे लोक रागाच्या भरात शिवी देण्याआधी "१८१ लगाऊँ क्या?" म्हणतात. तक्रार एका पायरीवरून वरच्या पायरीवर चढत जाते, आणि तुम्ही संतुष्ट आहात असं म्हणेपर्यंत ती सहसा मिटत नाही. त्यामुळे तुमच्या संतोषाची चौकशी करणारे फोन तुम्हाला येतील, एरवी घरातही कोणी इतकी करत नाही. फोन लावण्याआधी तपासा: आज सुट्टी तर नव्हती? गाडी येऊन गेली तेव्हा तुम्ही लसणाच्या चटणीसाठी मिक्सर लावला होता का? या दोन कारणांनी न आलेल्या गाड्यांची संख्या मोठी आहे.

तरीही तक्रार केलीत, तर करा. फोन येईल, समोरची बाई विचारील, "आप संतुष्ट हैं?" उत्तर द्यायची घाई करू नका. आधी मिक्सर बंद करा, खिडकी उघडा आणि कान द्या.